अळणी काढून ठेवायचं राहिलं

आमच्या घरातला रविवारचा रस्सा माझ्या हातचा, असं सगळे समजतात. मुलगी समजते, मुलगा समजतो, सातपूरच्या कारखान्यात माझ्याबरोबर पाळीला असलेले जे थोडे अजून भेटतात ते समजतात. मी निवृत्त झालो तेव्हा खात्यातल्या लोकांनी वर्गणी काढून मला मोठं पातेलं दिलं, झाकणासकट, आणि त्याच्या काठावर माझं नाव कोरून घेतलं. इतरांना घड्याळ मिळालं, शाल मिळाली. मला पातेलं. "काका, आता रोज रविवार," असं एकजण भाषणात म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो.

तो रस्सा माझ्या हातचा कधीच नव्हता. हे आता लिहून ठेवतो आहे, कारण या हिवाळ्यात त्या फुकटच्या नावापायी माझ्या बायकोला उपास घडले, आणि तेही अशा वेळी की तिच्या खाण्यावरच सगळं अवलंबून होतं.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो. आमचं लग्न झालं तेव्हा आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. वडील आणि मी खायचो, त्याला तिची हरकत नव्हती. पण स्वयंपाकघरात ते शिजायचं नाही आणि घरच्या बाईने त्याला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. गॅलरीत वेगळा स्टोव्ह, वेगळं पातेलं, वेगळी पळी. पुरुषांनी आणायचं, पुरुषांनी शिजवायचं आणि भांडी घासून गॅलरीतच उपडी घालायची. वडील होते तोवर ते करायचे, आणि वाईट करायचे. लग्नाआधीच ते गेले आणि काम माझ्याकडे आलं. मला चहाच्या पुढे काही येत नव्हतं.

बायको संगमनेरकडची. तिच्या माहेरी परसात कोंबड्या असत आणि परकर-पोलक्यातली असल्यापासून ती त्या रांधत आलेली. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी तिने माझी गॅलरीतली धडपड खिडकीतून पाहिली. जेवताना एक घास घेतला आणि पाणी प्यायली. पुढच्या रविवारी आई देवळात भजनाला गेली, तशी ती पदर खोचून गॅलरीत आली.

"सरका," म्हणाली.

आई परतायच्या सुमारास तिने माझ्या हातात पळी दिली, आंघोळ केली आणि ओल्या केसांनी आत भाकरी थापायला बसली. आई आली तेव्हा मी रस्सा ढवळत होतो. आईने लांबूनच नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "बापापेक्षा बरा वास येतोय हं."

तेव्हा त्या खोट्यात वाईट काही नव्हतं, असं मला आजही वाटतं. तिला मनासारखं शिजवता यायचं, मला चांगलं खायला मिळायचं, आईचा नियम दिसायला तरी पाळला जायचा. आम्ही दोघं त्यावर हसायचो. पुढे आई गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर कोंबडीचं पातेलं स्वयंपाकघरात आलं. लपवायचं कारण उरलं नाही. तरी मी पळी सोडली नाही. रविवारी मित्र यायची वेळ झाली की मी आत जायचो. तोवर सगळं झालेलं असायचं. तिने वाटून वाटीत काढून ठेवलेला काळा मसाला मी पातेल्यात टाकायचो, वर तर्री आली की ढवळायचो आणि पातेलं स्वतःच्या हातांनी बाहेर न्यायचो.

"वहिनी, नशीब काढलंत," मित्र म्हणायचे. "आम्हाला आमच्या घरात ग्लास कुठे असतात ते माहीत नाही."

"हो ना, नशीबच," ती भाकऱ्यांची टोपली ठेवत म्हणायची.

एकाने एकदा मला गुपित विचारलं. मी जरा विचार केल्यासारखं करून सांगितलं, "मसाला पडला की पळी एकाच दिशेने फिरवायची. दिशा बदलली की गेला." आत बायकोला जोरात ठसका लागला.

या दिवाळीनंतर ती आजारी पडली. पोट दुखायचं, जेवण जायचं नाही, अंगावरचे ब्लाऊज ढगळ झाले. तपासण्या झाल्या. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की आतड्यात गाठ आहे आणि ती काढावी लागेल. कसली आहे ते काढल्यावर कळेल. "पण आत्ता लगेच ऑपरेशन करता येणार नाही," ते म्हणाले. "यांच्या अंगात काही नाही. टाके भरून यायला शरीरात काहीतरी हवं ना? दोन आठवडे नीट खाऊ घाला. तिखट, तेलकट बंद. अंडी, चिकनचं सूप, मऊ शिजवलेलं. वजन थोडं तरी वर आलं पाहिजे."

"आणि नाही आलं तर?" मी विचारलं.

"आणायचंय," डॉक्टर म्हणाले.

अंड्याच्या वासाने तिला उमळून यायचं. औषधाच्या दुकानातली पावडर दुधात घालून दिली, ती तशीच बाहेर आली. डाळीचं पाणी दोन घोट. शेवटी तीच म्हणाली, "मार्गशीर्ष संपलाय. कोंबडीचं काही केलंत तर बहुतेक जाईल." इतक्या दिवसांत एखाद्या पदार्थाचं नाव तिने पहिल्यांदाच घेतलं होतं. मला केवढं हायसं वाटलं ते सांगता येत नाही.

मनमाडहून मुलीचा फोन आला. जावई रेल्वेत आहेत, त्यांच्या पाळ्या. घरात सासू अंथरुणाला. तरी म्हणाली, "मी येते पंधरा दिवस. इकडचं बघतील कोणीतरी."

"तू कशाला धावपळ करतेस?" मी म्हणालो. "कोंबडीच तर करायची आहे. मी आहे ना."

"ते मात्र खरं, बाबा. तुम्हाला येतं तरी. माझ्या सासऱ्यांना कुकरचं झाकण लावता येत नव्हतं."

मुलगा बंगळुरात. त्यानेही तेच म्हटलं. आई सुदैवी, असंही म्हणाला. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. मुलांना खरं सांगायची ती वेळ होती. मला वाटलं, त्यात एवढं काय आहे? इतकी वर्षं पातेल्याजवळ उभा राहिलोय, बघून बघून तर येत असेल.

रविवारी सकाळी थंडी चांगलीच होती. कानाला मफलर गुंडाळून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. त्याने कोंबडी सोलता सोलता विचारलं, "काका, रस्स्याचे ना?"

"रस्स्याचेच कर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

त्याने सुऱ्याने सगळ्या कोंबडीचे सारखे बारके तुकडे केले. मी ते घरी आणून धुतले. माळ्यावरून नाव कोरलेलं पातेलं काढलं. कांदा-खोबरं भाजलं, त्यात थोडं जळलं. मसाल्याचा डबा बायकोने मे महिन्यात भरून ठेवलेला होता. तेल तापवलं, वाटण परतलं, मसाला टाकला, तुकडे टाकले, पाणी ओतलं आणि ढवळू लागलो. वास ओळखीचा आला. तर्रीही आली. खरं सांगतो, दहा मिनिटं मी खूश होतो.

आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, "अहो, अळणी काढलंत ना?"

मी पातेल्यात बघितलं. काळसर लाल रस्सा रटरटत होता.

"काढतो आता," मी म्हणालो.

 अळणी म्हणजे कोंबडी नुसत्या हळद-मिठात शिजवल्यावर तिचं जे पाणी सुटतं ते. नाव अळणी, पण मीठ असतं. मसाला पडायच्या आधी ते काढून ठेवतात, लहान मुलांना आणि आजाऱ्याला देतात. हे मला ऐकून ठाऊक होतं. फक्त ते कधी काढतात, कोण काढतं, हे मी पाहिलेलं नव्हतं, कारण मी स्वयंपाकघरात जायचो तो मसाल्याच्या वेळी. त्याच्या आधीचा सगळा स्वयंपाक मला अदृश्य होता. आता मसाला सगळीकडे गेला होता आणि त्यातून अळणी बाहेर काढणार कसं?

मग मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. चार तुकडे पळीने उचलले, चाळणीत घेतले आणि नळाखाली धरले. लाल पाणी गेलं, मग पिवळं गेलं. तुकडे पांढरट दिसायला लागले. वर मीठ भुरभुरवलं, मऊ भात घेतला आणि ताटली तिच्यासमोर नेली.

तिने एक तुकडा चावला. थांबली.

"धुतलंत का हो?"

मी हो म्हणालो.

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. माझ्या तोंडाकडे बघून तिने दोन तुकडे संपवले. ते तिने माझ्यासाठी खाल्ले, तिच्या पोटासाठी नाही. दुपारी तिला कळा सुरू झाल्या. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन ती पडून राहिली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. ज्या गाठीबद्दल डॉक्टरांनी इतकं बजावून सांगितलं होतं, तिच्यावर मी काळा मसाला नेऊन घातला होता.

सोमवारी ती खात नाही, गुरुवारीही नाही. आजारपणात चालतं म्हणून मी म्हटलं, तर म्हणाली, "एवढं एक राहू द्या माझं." म्हणजे आठवड्यातले दिवस आणखी कमी. मंगळवारी मी बिनहाडाचे तुकडे आणून नुसते पाण्यात उकडले. ते दोराच्या गुंड्यांसारखे झाले. तिने एक चघळला आणि हळूच वाटीत काढून ठेवला. बुधवारी गंगापूर रोडवरच्या हॉटेलातून सूप आणलं. ते बुळबुळीत होतं आणि त्यात मिरी इतकी की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या दिवसांत मी काय खात होतो? तो रस्सा. टाकवत नव्हता म्हणून रोज गरम करून मी एकट्याने ते पातेलं संपवलं. ती आत चहात बुडवून टोस्ट खात होती आणि बाहेर मी भाकरी कुस्करून रस्सा खात होतो.

संध्याकाळी मुलीचा फोन यायचा.

"खातेय का आई?"

"खातेय."

"अळणी देताय ना?"

"देतोय."

"आईला फोन द्या."

"झोपलीय आत्ता."

ती झोपलेली नसायची. हे सगळं तिला ऐकू जायचं.

आठवड्याने डॉक्टरांकडे गेलो. काट्यावर उभं राहताना तिने माझा हात धरला होता. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हात सोडा त्यांचा, भार तुमच्यावर येतोय." मी हात सोडला. काटा गेल्या वेळेपेक्षा खाली गेला.

"काय खातायत या?" त्यांनी विचारलं.

मी पुटपुटलो, सूप वगैरे.

"घरात करणारं कोण आहे?"

"मीच," मी म्हणालो.

"हे छान करतात," बायको मध्येच म्हणाली. "मलाच जात नाही." डॉक्टरांच्या टेबलासमोर, अंगात त्राण नसताना, ती अजून माझं नाव सांभाळत होती.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे बघा, गाठ काही आपल्यासाठी थांबत नाही. आतडं बंद पडलं तर आहे त्या स्थितीत टेबलावर घ्यावं लागेल, आणि ते मला नकोय. अजून एक आठवडा देतो."

 घरी आल्यावर मी तिला पांघरूण घातलं आणि पायथ्याशी बसलो.

"कशी करतात?" मी विचारलं.

"काय?"

"कोंबडी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "चाळीस वर्षं ढवळलीत ना?"

"ढवळलीच फक्त."

"एकाच दिशेने," ती म्हणाली.

मग आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता तिला पोट धरावं लागलं म्हणून थांबलो. मला विचारायला एक आठवडा का लागला? ती थकलेली होती, तिला त्रास नको, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. विचारलं असतं तर मला येत नाही हे मान्य करावं लागलं असतं. ते ज्या एका माणसाला माहीत होतं, त्याच्यासमोरसुद्धा मला ते नको होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी दुकानात गेलो तो तिने पढवल्याप्रमाणे. "रस्स्याचे नको. तंगड्या अख्ख्या. छाती हाडासकट, एकच तुकडा. मान, पाठ, पंख वेगळे. काळीज वेगळ्या पिशवीत."

"काकूंनी सांगितलेलं दिसतंय," दुकानदार म्हणाला. "काकू फोनवर असंच सांगायच्या. मी म्हणायचो, करायचं काकांना आणि सूचना काकूंच्या!"

घरी येऊन मी प्लास्टिकची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवली, तिच्यावर गोधडीची घडी घातली आणि तिला हाताला धरून आणून बसवलं. शाल, पोटाशी गरम पाण्याची पिशवी. ते नाव कोरलेलं पातेलं बघून ती म्हणाली, "हे धूड ठेवा वर. एका कोंबडीला एवढं कशाला? ते तळाचं जाड, छोटं काढा."

मी काढलं.

"चमचाभर तूप. कांदा. लाल नाही करायचा, नुसता मऊ. आलं-लसूण ठेचून. हळद. आता सगळे तुकडे घाला, मीठ घाला. पाणी नाही."

"पाणी नाही?"

"झाकणावर ठेवा पाणी. खोलगट झाकण घ्या. कोंबडीला आधी तिच्याच पाण्यात शिजू द्या. झाकणावरचं गरम झालं की तेच आत घालायचं. गार पाणी घातलं की मांस आखडतं." थोडं थांबून म्हणाली, "मंगळवारी तुम्ही त्या तुकड्यांना थेट नळाच्या पाण्यात उकळलंत. मला आत पडल्या पडल्या ऐकू येत होतं."

"मग सांगायचं नाहीस?"

"तुम्ही विचारायची वाट बघत होते. मग वाटलं, नाही विचारत, तर राहू दे. तेवढं भांडायला अंगात हवं ना."

हे ती सहज बोलली. मी गॅसकडे तोंड करून उभा राहिलो.

अर्ध्या तासाने झाकण काढलं तर पिवळं धमक पाणी सुटलं होतं, वर तुपाचे बारीक डोळे. "आता काढा," ती म्हणाली. "मसाल्याच्या आधी. घरात आजारी असो नसो, मसाल्याच्या आधी काढायचं. मग हवं ते करा."

मी वाटीत ओतलं, आणि एकदम मला मुलं आठवली. दोघंही लहान होती तेव्हा रविवारी मित्र आणि मी जेवायला बसायचो तर मुलं खेळत असायची, म्हणायची, आमचं झालं. मला वाटायचं, मुलांना भूकच कमी. त्यांची वाटी-वाटी अळणी आणि भात आधीच झालेला असायचा, याच ओट्याशी बसून. तिचं स्वतःचं जेवण कधी व्हायचं ते मला आठवेना. विचारायचं धाडस झालं नाही.

काळीज तिने चमच्याने वाटीत कुस्करायला लावलं, त्यात मऊ भात आणि वर अळणी. पहिला घास घेतला. मी तिच्या गळ्याकडे बघत होतो. दुसरा घेतला. "असे उभे नका राहू डोक्यावर," ती म्हणाली. "मी काय परीक्षेला बसलेय का?" मी बाहेर गेलो आणि दाराआडून चमच्याचा आवाज ऐकत राहिलो. चमचा थांबला की मी दाराशी सरकायचो. पुन्हा वाजला की बरं वाटायचं. वाटी रिकामी झाली. मग दुपारभर कळा येतात का म्हणून वाट बघितली. आल्या नाहीत.

ती एक कोंबडी तिने बुधवारपर्यंत पुरवली. छातीचं मांस मी हाडावरून सोडवून, बोटांनी दोरे दोरे काढून, थोड्या अळणीत बुडवून डब्यात ठेवलं. डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. देवाच्या दुधाशेजारी ठेवायचा नाही, हे आईच्या वेळचं तिने अजून सोडलेलं नाही. सोमवार तिचा वरणभातावर गेला आणि मी कॅलेंडरकडे बघत दिवस ढकलला. मंगळवारी मुगाच्या डाळीची सैल खिचडी केली आणि उतरवताना तिच्यात ते दोरे मिसळले. तिने ती दोनदा घेतली. बुधवारी मान, पाठ आणि तंगड्यांची हाडं पुन्हा पाण्यात घालून दुधी भोपळ्याच्या फोडींबरोबर मंद आचेवर ठेवली. ते पाणी फडक्यातून गाळून त्यात तांदळाची पेज. मला वाटलं होतं, हाडांत आता काय उरलं असेल! पेज गार झाल्यावर थरथरायला लागली. "बघा," ती म्हणाली. "टाकून देत होतात."

माझ्यासाठी तिने पंख आणि दोन बटाटे राखून ठेवायला सांगितले होते. "त्याचा करा तुमचा रस्सा. एक वाटीचा." मी केला. त्या रस्स्यात मसाला घालण्याच्या आधीचंही सगळं मीच केलं होतं. बरा झाला होता. फार बरा नव्हता.

शुक्रवारी दुसरी कोंबडी आणली. दुपारी तिला पुन्हा थोडं दुखलं आणि मी इतका घाबरलो की डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दुखणारच, उलटी नाही ना? खायला घाला.

पुढच्या काट्याच्या वेळी मी लांब उभा राहिलो. काटा वर गेला होता. फार नाही. डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "चला. यावर करू. याहून थांबण्यात अर्थ नाही." हे ऐकून आनंद मानायचा की भ्यायचं ते कळेना. बायको पर्समध्ये रुमाल शोधत होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुलगी आली. आईला बिछान्यात बसलेली बघून तिला रडू आलं, मग ते लपवायला ती स्वयंपाकघरात आली. मी दुसऱ्या दिवसाचं आवरत होतो. ती म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे झालं हं. तुमच्या हाताला चव आहे म्हणून आईने खाल्लं तरी."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि तिला सांगितलं. गॅलरीतल्या स्टोव्हपासून सगळं. पातेलं, चाळणी, नळ, फोनवरचं "खातेय" आणि "झोपलीय". मला वाटलं होतं ती हसेल, किंवा म्हणेल, असू द्या बाबा. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "रस्सा कोणाचा होता याचं मला काही नाही. पण तुम्हाला येत नव्हतं, तर मला येऊ का नाही दिलंत?"

मी फडक्याची घडी घातली.

"एक आठवडा होता तो, बाबा. तिचा एक आठवडा." मग तिने ओटा पुसायला घेतला, मी नुकताच पुसलेला. त्या संध्याकाळी ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ते बरोबरच होतं. मुलाला मीच फोन करून सांगितलं. 

ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर आम्ही बापलेक शेजारी बसून होतो. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, गाठ निघाली, तपासायला पाठवली आहे, आता टाके धरताहेत का ते बघायचं. त्यानंतरचे दिवस तिला तोंडाने काही नव्हतं, नळ्याच. ओठांना ओला कापूस लावायचा. पाचव्या दिवशी राउंडला आल्यावर डॉक्टर म्हणाले, आज पातळ द्या, गाळून, अगदी थोडं.

मी घरी आलो. मुलगी माझ्या मागोमाग आली. मी छोटं पातेलं काढलं, कांदा मऊ केला, झाकणावर पाणी ठेवलं. ती दारात, त्याच खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. काही सुचवलं नाही, काही उचलून दिलं नाही, नुसती बघत राहिली. अळणी सुटल्यावर मी ते फडक्यातून दोनदा गाळलं. तूप वरून काढून टाकलं. थर्मासमध्ये भरलं. उरलेली कोंबडी तशीच झाकून फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात.

दवाखान्यात मुलीने आईला उशीला टेकवलं. मी चमच्याने पाजायला गेलो, तर निम्मा चमचा चादरीवर सांडला. मुलीने माझा हात मनगटाखालून धरला आणि चमचा आईच्या ओठांपर्यंत नेला. पहिला चमचा गेला. आम्ही तिघंही थांबलो. पोटात काय होतंय ते तीही ऐकत असावी. दुसरा गेला. चार-पाच चमच्यांनंतर तिने मान फिरवली आणि मुलीला विचारलं, "कोणी केलं?"

"बाबांनी."

"खरं?"

"मी तिथे उभी होते, आई. सगळं बघितलं."

बायकोने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग तसंच, डोळे न उघडता म्हणाली, "बाकीची कुठाय?"

"फ्रीजमध्ये," मी म्हणालो. "खाली."

"मसाला नाही ना घातलात?"

"नाही."

"नका घालू इतक्यात. रिपोर्ट येऊ दे."

रिपोर्ट अजून यायचा आहे. ती टाक्यांसकट घरी आली आहे आणि आत झोपली आहे. मुलीने आणखी आठ दिवस राहायचं ठरवलंय, मला न विचारता. दवाखान्याचा फोन आला तर ऐकू यावा म्हणून तो माझ्यासमोर टेबलावर ठेवलाय आणि त्याच्या शेजारी हे लिहितो आहे. मधूनमधून उठून स्वयंपाकघरात जातो, झाकणावरच्या पाण्याला बोट लावून बघतो. मसाल्याचा डबा वरच्या फळीवर आहे. त्याला मी हात लावलेला नाही.